'पोरगं टिकलं नाही' म्हणण्याआधी

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम संपत आला की एक वाक्य हमखास कानावर येतं. स्टेडियमच्या बाहेर चहाच्या टपरीवर, पेठेतल्या कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. "शाळेत काय खेळायचं हो ते पोरगं! पण सिनिअरला टिकलं नाही." बोलणारा सुस्कारा टाकतो, ऐकणारा मान हलवतो आणि विषय संपतो. पोरगं कुठल्या शाळेतलं, शेवटचा सामना कधी खेळलं, पुढं त्याचं काय झालं, हे कुणी विचारत नाही.

मला या वाक्याचा राग येतो. आयुष्यभर मराठी शिकवल्यामुळं असेल, पण आधी व्याकरणच डोळ्यांपुढं येतं. 'टिकणे' हे क्रियापद अकर्मक. कर्ता पोरगं, क्रिया त्याची, म्हणजे दोषही त्याचाच. तेच 'टिकवलं नाही' म्हणून बघा. लगेच प्रश्न येतो, कुणी टिकवलं नाही? हा प्रश्न अंगावर येऊ नये म्हणून आपण सगळे मिळून अकर्मक क्रियापद वापरतो. आज मला तोच प्रश्न विचारायचा आहे. लेख थोडा लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

पुण्या-मुंबईच्या आणि परदेशातल्या आमच्या नातेवाईक मंडळींसाठी थोडी पार्श्वभूमी (कोल्हापूरकरांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल). आमच्याकडं फुटबॉल तालमींचा असतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं मुळात तालमींची. शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब अशी वेगळ्या धाटणीची नावंही आहेत, पण त्यांच्यामागंही पेठ उभी असतेच. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आमची केएसए, लीग भरवते. वरिष्ठ गटात १६ संघ, त्यांच्या खाली आणखी गट. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत शाहू स्टेडियमवर सामने चालतात आणि ईर्षेचा सामना असला की हजारोंनी माणूस जमतं. बाकीचा महाराष्ट्र क्रिकेट बघत असतो तेव्हा आम्ही मंगळवार पेठ विरुद्ध शिवाजी पेठ बघत असतो. हे सगळं मला प्रिय आहे, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी म्हणेल की मास्तरांना फुटबॉलच नको आहे.

तर मुद्दा असा. आमच्या गावात फुटबॉलचे दोन मजले आहेत. खालचा मजला शाळेचा, वरचा तालमीचा. दोन्ही मजले गजबजलेले आहेत. फक्त त्यांच्यामध्ये जिना नाही. खालच्या मजल्यावरच्या पोराला आपण सांगतो, "मार उडी!" ज्याचा हात वर पोचतो त्याचं कौतुक करतो आणि जो खाली पडतो त्याला म्हणतो, टिकलं नाही.

खालच्या मजल्यावर काय चालतं ते आधी बघू. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत होतात. शिवाय सुब्रतो चषक आहे, १९६० पासून चालत आलेला, त्याची ओढ पोरांना वेगळीच. दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, त्यामुळं तोपर्यंत आईवडीलही "खेळू दे" म्हणतात. संघाबरोबर जाणाऱ्या शिक्षकाचं निम्मं काम जन्मदाखले सांभाळण्याचं असतं, ते मी अनेक वर्षं केलं आहे. पण या स्पर्धांत पोरगं खेळतं किती? जरा गणित करू (मराठीच्या मास्तरालाही एवढं येतं). या स्पर्धा बहुधा बाद पद्धतीनं होतात. समजा ३२ शाळा उतरल्या. विजेता ठरायला ३१ सामने लागणार. प्रत्येक सामन्यात दोन संघ, म्हणजे ६२ वेळा कुठला ना कुठला संघ मैदानात उतरणार. ६२ ला ३२ नं भागा. एका शाळेच्या वाट्याला सरासरी दोन सामनेसुद्धा येत नाहीत! निम्म्या शाळा पहिल्याच सामन्यानंतर घरी जातात. ज्या पोराला आपण 'शाळेत भारी खेळायचं' म्हणतो, त्यानं मोजून-मापून भरवलेले सामने वर्षाला किती खेळले असतील, याचा अंदाज करा. बाकी सगळं गांधी मैदानावर नाहीतर मेरी वेदरवर दप्तरांचे गोलपोस्ट करून. आणि पावसाळ्यात गांधी मैदानाचं तळं होतं तेव्हा तेही नाही.

दहावीचा निकाल लागला की हा मजला संपतोच. १९ वर्षांखालचा गट आहे, पण तो ज्युनिअर कॉलेजांचा. अकरावी-बारावीतलं पोरगं कॉलेजात कमी आणि क्लासला जास्त असतं, हे मी सांगायला नको. अशा वेळी त्याला तालीम बोलावते. पेठेतलं पोरगं, लहानपणापासून ज्या जर्सीसाठी घसा बसेपर्यंत ओरडलं ती जर्सी समोर आली, ते कशाला नको म्हणेल? तो फॉर्मवर सही करतो. घरात पेढे वाटतात. आणि इथूनच खरी अडचण सुरू होते.

सोळा-सतरा वर्षांच्या पोरापुढं तिथं पंचवीस-अठ्ठावीस वर्षांचे गडी असतात, आठ-आठ दहा-दहा हंगाम अंगावर काढलेले. चुरशीच्या हंगामात तालमी बाहेरचे, अगदी आफ्रिकेतले खेळाडूही आणत आल्या आहेत. मग पोराचं दोनांपैकी एक होतं. एक तर ते बाकावर बसतं, नाहीतर नको त्या सामन्यात नको त्या वेळी आत ढकललं जातं.

माझ्या वर्गातल्या दोन मुलांचं सांगतो. नावं सांगत नाही, तालमींचीही नाही. पहिला डाव्या बगलेतून खेळायचा. असा डावा पाय पेठेत अनेक वर्षांत झाला नव्हता असं जाणते लोक म्हणायचे. अकरावीत त्यानं एका मोठ्या संघाकडं सही केली. सबंध हंगामात तो तीन सामन्यांत उतरला, तोही शेवटच्या पाच-सात मिनिटांसाठी, दोन-तीन गोलनं पुढं असताना. खालच्या गटातल्या शेजारच्या मंडळाला तो हवा होता, तिथं प्रत्येक सामना पूर्ण खेळला असता. पण सही इकडं झालेली, त्यामुळं तिकडं खेळता येईना. दुसऱ्या वर्षी त्याच्या जागी बाहेरून तयार खेळाडू आणला आणि याला "पुढच्या वर्षी बघू" असं सांगितलं. आज तो शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला आहे. कामाला आहे याचं मला मुळीच दुःख नाही, कष्टाची भाकरी आहे. पण सोळा ते अठरा या दोन वर्षांत, शिकण्याच्या ऐन वयात, त्यानं पंधरा-वीस मिनिटं फुटबॉल खेळला. एवढ्यात कुणाची परीक्षा होते का? वर्षभर वर्गात बसवून न शिकवता, शेवटच्या दिवशी एक प्रश्न विचारून नापास करावं तसं हे झालं.

दुसऱ्याचं उलट झालं. बचावफळीतला मुलगा, सतरा पूर्ण व्हायचा होता. संघातले दोघे जखमी, म्हणून याला थेट ईर्षेच्या सामन्यात उभा केला. समोर त्याच्या दीडपट वजनाचा आघाडीचा खेळाडू. मुलगा घाबरला नाही, हेच त्याचं चुकलं म्हणायचं. उत्तरार्धात एका टॅकलमध्ये गुडघ्याचं लिगामेंट गेलं. ऑपरेशन, कर्ज, आईचं डोरलं गहाण. ज्यांनी खांद्यावरून मैदानाबाहेर आणला तेच दोन वर्षांनी म्हणाले, "अंगात दम नव्हता, टिकलं नाही." मी तेव्हा गप्प बसलो नव्हतो आणि आजही बसणार नाही.

वाढत्या वयातल्या दोन मुलांचं कागदावरचं वय एक असलं तरी शरीराचं वय काही वर्षांनी पुढंमागं असू शकतं, हे कुठलाही बालरोगतज्ज्ञ सांगेल. नववीच्या वर्गात उभं राहिलं की मास्तरालाही दिसतं. एका बाकावर मिसरूड फुटलेला बाप्या आणि शेजारी आवाजही न फुटलेलं लेकरू. दोघे एकाच वर्षीचे. लवकर वाढलेला मुलगा शाळेत ताकदीवर गोल मारतो आणि 'भारी' ठरतो. उशिरा वाढणारा मागं पडतो, पण चेंडू राखायला, आधी विचार करायला शिकतो, कारण त्याला दुसरा इलाजच नसतो. पुढं जाऊन कोण चांगला होईल हे सोळाव्या वर्षी छातीठोक सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. तरीही आपण बरोबर त्याच वर्षी निकाल लावून मोकळे होतो.

आता सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट. ज्या तालमी हे करतात, त्यांच्या घरातच याचं उत्तर आहे. तालीम म्हणजे मुळात कुस्ती. आणि पोराला लहानाचं मोठं कसं करायचं हे कुस्तीला जेवढं कळलं तेवढं आमच्या शिक्षण खात्याला कळलेलं नाही. वस्ताद पोराला आधी नुसती माती उकरायला लावतो. मग जोर-बैठका, मग लढत. आणि लढतीत सगळ्यात महत्त्वाचं काय? जोड! वजन बघून, वय बघून, किती दिवस मातीत आहे ते बघून जोड लावायची. कुस्ती बेजोड लावली तर प्रेक्षकच ओरडून उठतात. जत्रेच्या मैदानात आधी रेवड्यांवरच्या कुस्त्या, चिल्ल्यापिल्ल्यांच्या. मग वाढत वाढत शेवटी मोठी कुस्ती. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात आजवर किती मल्ल घुमले, पण रेवड्यांवरून कुणी एकदम शेवटच्या कुस्तीला उभा राहिला नाही. मधल्या दहा-वीस पायऱ्या प्रत्येकानं चढल्या. त्या पायऱ्या चढताना जो हरला त्याला वस्ताद 'टिकलं नाही' म्हणाला नाही. त्यानं जोड बदलली.

मग त्याच तालमीच्या त्याच कट्ट्यावर फुटबॉलचा विषय निघाला की हे शहाणपण कुठं जातं? मातीत सोळा वर्षांच्या पोरासमोर तीस वर्षांचा पैलवान उभा करायची कुणाची छाती होणार नाही. गवतावर मात्र चालतं!

यावर जी उत्तरं मिळतात ती मला पाठ आहेत. एकेक घेतो.

पहिलं उत्तर, "हिरा असेल तर चमकणारच. अनिकेत जाधव नाही का झाला?" झाला. २०१७ साली भारतात १७ वर्षांखालील विश्वचषक झाला, त्यात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत भारताकडून खेळला, तेव्हा मी टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवल्या. पण त्याचं उदाहरण देणाऱ्यांनी त्याचा रस्ता नीट बघावा. तो लहान वयातच कोल्हापूर सोडून पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत गेला. तिथून देशाचा कुमार संघ. विश्वचषकानंतर इंडियन अॅरोज. त्यानंतर मग जमशेदपूर. म्हणजे प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी पायरी बांधून ठेवली होती. मेहनत त्याची, गुण त्याचे, याबद्दल वादच नाही. पण हे उदाहरण 'हिरा आपोआप चमकतो' याचं नाही. पायऱ्या असल्या की कोल्हापूरचं पोरगं कुठवर जातं, याचं ते उदाहरण आहे. आणि त्यातली एकही पायरी आपल्या पेठेत नव्हती, हेही जाता जाता लक्षात घ्या.

हे इंडियन अॅरोज प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. भारतीय फुटबॉल महासंघानं २०१० मध्ये हा संघ उभा केला तो कुमार खेळाडूंना मोठ्यांच्या लीगमध्ये नियमित सामने मिळावेत म्हणून. जिंकणं हा त्याचा मुख्य हेतूच नव्हता. पोरं हरायची, पुन्हा खेळायची, पुन्हा हरायची, आणि त्यातून शिकायची. २०१३ ला तो बंद केला. २०१७ च्या विश्वचषकानंतर, 'आता या पोरांचं पुढं काय' हा प्रश्न उभा राहिल्यावर पुन्हा काढला. २०२२ ला पुन्हा बंद! गंमत बघा, साऱ्या देशाचा कारभार बघणाऱ्यांनाही कळलं होतं की कुमार आणि वरिष्ठ यांच्यामध्ये एक पायरी लागते. पण त्यांनाही ती कायमची ठेवावीशी वाटली नाही. दिल्लीला जमलं नाही म्हणून आपल्यालाही जमणार नाही, असं मात्र मुळीच नाही. देशभराची पायरी बांधायला कोट्यवधी लागत असतील. पेठेतली पायरी बांधायला एक मैदान, दोन चेंडू आणि एक शहाणा माणूस पुरतो.

दुसरं उत्तर तालमीच्या कार्यकर्त्याचं. हे कार्यकर्ते बहुतेक माझेच विद्यार्थी, त्यामुळं बोलतात मोकळं. "सर, तुमचं पटतंय की. पण हरलो तर पेठेत तोंड कसं दाखवायचं? पोरं घडवायला बसलो तर वर्गणी कोण देणार?" या पोरांची मला कीव येते, कारण ती खोटं बोलत नाहीत. हंगामाचा खर्च, खेळाडूंचं मानधन, जर्सी, सगळं वर्गणीवर आणि एखाद्या मोठ्या माणसाच्या मर्जीवर. आणि पेठेला हवा असतो चषक, तोही यंदाच! पण बाबांनो, बाहेरून आणलेला खेळाडू हंगाम संपला की बॅग भरून जातो. पुढच्या वर्षी पुन्हा पैसे, पुन्हा नवा माणूस. एका हंगामात त्यावर जेवढा खर्च होतो त्याचा थोडा वाटा जरी दरवर्षी अठरा-एकोणीसच्या पोरांवर लावला, तर पाच वर्षांनी निम्मा संघ घरचा उभा राहील. शेतकऱ्याच्या पोरांना बियाणं आणि बाजारातलं धान्य यातला फरक मी सांगायचा का?

तिसरं उत्तर पालकांचं. "खेळून काय पोट भरतं का?" रास्त प्रश्न आहे. शंभरातली नव्व्याण्णव पोरं फुटबॉलवर पोट भरणार नाहीत, हे मी त्यांच्या तोंडावर सांगतो. माझी सगळी तगमग त्या नव्व्याण्णवांसाठीच आहे. शंभरावा जाईल कसाही. नोकरी-धंदा सांभाळून पस्तिशीपर्यंत खेळत राहणारा हौशी खेळाडू ही कुठल्याही गावाची खरी संपत्ती. तोच पुढं पंच होतो, प्रशिक्षक होतो, आपल्या मुलीला बोट धरून मैदानावर आणतो. सतराव्या वर्षी ज्याचा अपमान होऊन खेळ सुटला तो पुन्हा मैदानाकडं फिरकत नाही. बरं, खेळ सुटला म्हणून तो अभ्यासाला लागतो असंही नाही. पाच वाजता मैदानावर जाणारं पोरगं आता पाच वाजता कुठं असतं, हे पालकांनी एकदा जाऊन बघावं.

शाळाही काही कमी नाहीत. चषकाचा फोटो ऑफिसात लागला की पुष्कळ शाळांचं समाधान होतं. त्याच अकरा पोरांना तीन वर्षं खेळवायचं आणि दाखला देताना 'वर्तणूक चांगली' लिहून हात झटकायचे. हे पोरगं आता कुठल्या मैदानावर जाणार, याची चौकशी करणारा एक कागदही शाळेत नसतो.

सरकारबद्दल काय बोलावं! १५ सप्टेंबर २०१७ आठवतो का? विश्वचषकाच्या तोंडावर राज्यभर एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा कार्यक्रम झाला होता. शाळाशाळांत चेंडू वाटले. पोरं खुशीत होती, मलाही बरं वाटलं. पण त्या दिवशी बारा वर्षांचं असलेलं पोरगं आज विशीत आहे. त्यातली किती पोरं आज खेळतात? चेंडू वाटणं सोपं, एका दिवसाचं काम. त्या चेंडूमागं धावणाऱ्या पोराला पुढच्या आठ वर्षांत कुठं कुठं खेळता येईल हे ठरवणं अवघड. त्याचा फोटोही निघत नाही.

नुसती टीका करणं मास्तराला शोभत नाही, म्हणून काय करता येईल तेही सांगतो. यातलं काही कुठं सुरू असेल तर त्या मंडळींना माझा नमस्कार. काही तालमी उन्हाळ्यात लहान मुलांची शिबिरं घेतात तेही मी पाहिलं आहे. पण शिबिर दहा वर्षांच्या मुलाचं. माझा प्रश्न सतरा वर्षांच्या मुलाचा आहे.

एक. नावं नकोत, मिनिटं द्या. संघाच्या यादीत दोन-चार कोवळी नावं घालून नियम पाळल्याचं समाधान मिळतं, पोराला काही मिळत नाही. हंगामाअखेर प्रत्येक तालमीनं १९ वर्षांखालचं पोरगं एकूण किती मिनिटं खेळलं एवढा एक आकडा फळ्यावर लिहावा. बाकी काही नको. फळ्यावर आकडा आला की माणसं आपोआप सुधारतात, हा माझा अनुभव आहे.

दोन. मोठ्या सामन्याआधी त्याच दोन तालमींच्या एकोणीसखालच्या पोरांचा छोटा सामना लावा, पंचवीस-पंचवीस मिनिटांचा. मैदान तेच, पंच तेच. प्रेक्षक निम्मे तरी आधीच येऊन बसलेले असतात. पोराला गर्दीची सवय होते आणि समोर जोडीचा गडी मिळतो. रेवड्यांवरची कुस्ती, दुसरं काय?

तीन. एकोणीसपर्यंतच्या पोराला वरखाली करायची मुभा द्या. या रविवारी मोठ्या संघात दहा मिनिटं, पुढच्या रविवारी खालच्या गटात पूर्ण सामना. खाली जाणं म्हणजे नापास होणं नाही, हे आधी मोठ्यांनी समजून घ्यायला हवं. माझ्या त्या डाव्या पायाच्या मुलाला एवढी एक मुभा असती तर गोष्ट वेगळी झाली असती.

चार. प्रत्येक तालमीनं एका माणसाला या पोरांचा वर्गशिक्षक नेमावा. संघाचा प्रशिक्षक वेगळा, त्याला सामना जिंकायचा असतो. वर्गशिक्षकानं फक्त एवढं बघायचं: कोण सरावाला येईना, कुणाचा गुडघा दुखतो, कुणाच्या घरात अडचण आहे, कोण बाकावर बसून कंटाळला. तिशी ओलांडलेले, खेळ सुटत आलेले पुष्कळ खेळाडू पेठेत आहेत. महासंघाचा प्रशिक्षकांसाठीचा डी लायसन्सचा प्राथमिक अभ्यासक्रम असतो, तो त्यांना तालमीच्या खर्चानं करू द्यावा. म्हणजे वरून खाली येणाऱ्यालाही मानाची जागा मिळते.

पाच. परीक्षांचं वेळापत्रक समोर ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावी आणि नेमका तेव्हाच आमचा हंगाम भरात. पोरगं परीक्षेमुळं महिनाभर आलं नाही की त्याची जागा जाते, आणि आलं की घरात भांडण. परीक्षेला बसणाऱ्याची जागा राखून ठेवायची, एवढं लेखी ठरवलं तरी निम्मे बाप विरोध सोडतील.

मुलींचं वेगळं लिहायला हवं इतकं ते मोठं आहे. आता पुष्कळ शाळांतून मुली जोमात खेळतात. पण मुलांना निदान उडी मारायला वरचा मजला तरी आहे. मुलींचे मोठे संघ मुलांच्या मानानं फारच थोडे. पंधराव्या वर्षी जिचा खेळ बघून आपण तोंडात बोट घालतो, ती अठराव्या वर्षी कुठं खेळणार याचं उत्तर बहुतेक पेठांकडं नाही. तिच्याबद्दल तर 'टिकली नाही' एवढंही कुणी म्हणत नाही. तिची आठवणच निघत नाही.

हे सगळं मी आता का लिहितोय? कारण नवा हंगाम येणार, खेळाडूंची नोंदणी होणार आणि आमच्या गल्लीतली तीन पोरं या वर्षी शाळेतून बाहेर पडली आहेत. तिघांकडं तालमींचे निरोप आले आहेत. तिघांच्या आया मला विचारून गेल्या, "सर, सही करू द्यायची का?" मी सांगितलं, जरूर करू द्या. पण सही करण्याआधी पोराबरोबर तुम्ही स्वतः तालमीत जा आणि एकच प्रश्न विचारा: "या हंगामात माझं पोरगं कुठल्या गटात, किती सामने खेळणार आणि त्याच्याकडं लक्ष कोण देणार?" त्या माणसाचं नाव सांगितलं तर सही करा. "बघू की वहिनी, खेळेल हळूहळू" असं उत्तर आलं तर उठून या आणि दुसऱ्या तालमीत हाच प्रश्न विचारा. चार आया असं उठून आल्या की पाचवीला नीट उत्तर मिळेल.

तालमीतल्या माझ्या विद्यार्थ्यांना हा लेख वाचून राग आला तर त्यांनी घरी यावं. चहा मी पाजीन. येताना फक्त गेल्या पाच वर्षांत तुमच्याकडं सही केलेल्या अठरा वर्षांखालच्या पोरांची यादी आणा, आणि त्यातली आज किती खेळतात तेवढं त्यापुढं लिहून आणा. मग बोलू.

असो. बराच लांबला लेख. कळावे, लोभ आहेच.